पहिल्या मिशनवर निघताना: युद्ध आणि आपत्तीतल्या वैद्यकीय मदतकार्यात उतरणाऱ्यांसाठी

पहिल्या वेळी निघालो तेव्हा माझ्या बॅगेत चार जाडजूड पाठ्यपुस्तकं होती आणि वैद्यकीय परिषदेचा 'गुड स्टँडिंग'चा, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि कारवाई नाही असा, दाखला घरी टेबलावर राहिला होता. पुस्तकं सहा महिन्यांत एकदाही उघडली नाहीत. दाखल्यावाचून मात्र तिथल्या आरोग्य खात्याने रुग्ण तपासायची परवानगी दिली नाही, आणि तो मिळेपर्यंत अकरा दिवस मी औषधांच्या गोदामात बसून खोकी मोजली.

त्यानंतर आणखी दोन मिशन झाली. देशांची नावं लिहीत नाही, कारण तेव्हाचे सहकारी अजून तिथेच राहतात. मी बालरोगांचा डॉक्टर आहे, पण खाली लिहिलंय ते नर्स, सुईण, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन यांनाही तितकंच लागू पडतं, आणि वैद्यकीय नसलेल्या लोकांनाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुम्ही जाता तिथलं काम तुमच्या आधीपासून चालू असतं. मोठ्या संस्थांमधले बहुसंख्य कर्मचारी त्याच देशातले असतात. बाहेरून आलेला माणूस चार दिवसांचा पाहुणा. आपल्यामुळे घरच्यांची अडचण होऊ नये म्हणून पाहुण्याने जी तयारी करायची, तिचाच हा लेख आहे.

## १. कुणाबरोबर जायचं ते ठरवा

एकट्याने जाऊ नका. ओळखीच्या पाच जणांचा गट करून तर मुळीच जाऊ नका. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाल्यावर जगभरातून पथकं धावली. त्यांतल्या कित्येकांकडे स्वतःचं पाणी नव्हतं, वीज नव्हती, आणि कुणी कुठे कसली शस्त्रक्रिया केली याच्या नोंदीही धड नव्हत्या. त्या गोंधळातून धडा घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये बाहेरून येणाऱ्या वैद्यकीय पथकांचे प्रकार आणि किमान निकष ठरवले. पहिल्या प्रकारचं एका जागी थांबणारं पथक दिवसाला किमान १०० बाह्यरुग्ण तपासू शकलं पाहिजे. दुसऱ्या प्रकाराकडे किमान २० खाटा आणि दिवसाला ७ मोठ्या किंवा १५ छोट्या शस्त्रक्रिया करायची ताकद हवी. तिसरा प्रकार म्हणजे अतिदक्षता विभागासह रेफरल रुग्णालय, इतरांनी पाठवलेले अवघड रुग्ण घेणारं. आपलं पाणी, जेवण, वीज आणि तंबू पथकाने स्वतःच न्यायचे. आपत्तीत काही आठवड्यांसाठी जायचं असेल तर अशा एखाद्या पथकाच्या यादीत आधीच नाव नोंदवा. भूकंप झाल्यावर फोन फिरवायला लागलात तर उशीर झालेला असतो.

लढाई, साथी, निर्वासितांच्या छावण्या असं लांबणारं काम करायचं असेल तर डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स, म्हणजे एमएसएफ, ही सगळ्यात परिचित संस्था. १९७१ मध्ये काही फ्रेंच डॉक्टर आणि पत्रकारांनी ती सुरू केली. तिचा बहुतेक पैसा खासगी देणगीदारांकडून येतो. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना तिथे काही आठवड्यांसाठीही जाता येतं. बाकीच्यांनी सहा महिने ते वर्षभर द्यायची तयारी ठेवावी. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती १८६३ पासूनची, मुख्यालय जिनिव्हात. युद्धातले जखमी, कैद्यांच्या भेटी, कृत्रिम पाय बसवणं हे तिचं खास क्षेत्र, आणि युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांनी तिला त्यासाठी अधिकृत भूमिका दिलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमध्ये समन्वयाचं काम जास्त आणि खाटेजवळचं कमी. पहिल्या फेरीला तिकडे न गेलेलं बरं, असं माझं मत.

## २. आपण उपयोगाचे आहोत का, ते पाहा

डोळ्यांसमोर गोळ्या काढणारा सर्जन असेल तर तो थोडा बाजूला ठेवा. युद्धक्षेत्रातही सगळ्यात जास्त वेळ जातो तो बाळंतपणं, मलेरिया, जुलाब, न्यूमोनिया आणि कुपोषण यांत. भूकंपात ढिगाऱ्याखालची बहुतेक माणसं शेजारीपाजारीच पहिल्या दिवस-दोन दिवसांत बाहेर काढतात. बाहेरचं पथक पोचेपर्यंत समोर येतात ते चिघळलेल्या जखमांचे, मोडलेल्या हाडांचे, चिरडलेल्या स्नायूंमुळे मूत्रपिंडं बंद पडलेले रुग्ण. आणि ज्यांची इन्शुलिन घराबरोबर गाडली गेली असे मधुमेही.

पात्रतेचं म्हणाल तर पदवीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव जवळपास सगळीकडे मागतात. इंग्रजी हवंच, फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर तुमचा अर्ज ढिगात वर सरकतो. मी दुसऱ्या मिशनआधी आठ महिने फ्रेंच शिकलो, आणि तो वेळ एखाद्या नव्या डिप्लोमापेक्षा जास्त कामी आला. साधी कौशल्यं घासूनपुसून ठेवा: सीटी स्कॅनशिवाय निदान, शीर सापडत नसेल तेव्हा हाडात सुई घालून सलाईन, केटामाइनची भूल, हाताने कागदावर ठेवलेला चार्ट.

डॉक्टर नसाल तरी दार बंद नाही. लॉजिस्टिशियन (सामान आणि वाहतूक बघणारे), पाणी-स्वच्छतेचे इंजिनिअर, हिशेबनीस, मेकॅनिक यांच्यावाचून दवाखाना दोन दिवसही चालत नाही. जनरेटर बंद पडला की सर्जनला कुणी विचारत नाही, सगळे मेकॅनिकला शोधतात.

## ३. कागद गोळा करा, आणि आजच सुरुवात करा

या टप्प्यात माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं, म्हणून यादी सविस्तर देतो.

- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत आणि बरीच कोरी पानं. एका देशाचा शिक्का असला म्हणून दुसरा देश प्रवेश नाकारतो असंही होतं; जुन्या शिक्क्यांबद्दल संस्थेला आधीच सांगा.
- पदवी, गुणपत्रकं, चालू नोंदणी.
- परिषदेचा गुड स्टँडिंगचा दाखला. हा काही महिन्यांतच शिळा धरला जातो, म्हणून फार लवकरही काढू नका.
- अनुभवाचे दाखले, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, नेमक्या तारखा घालून.
- दोन-तीन जणांची नावं, जे तुमच्याबद्दल फोनवर बोलतील. त्यांना आधी विचारा.
- पोलिसांचा चारित्र्य दाखला.
- पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते वैध होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. बाकी लशींची नोंदही बरोबर ठेवा.
- वैद्यकीय तपासणी, रक्तगट, दातांची तपासणी. दाताचं हसण्यावारी नेऊ नका. छावणीत दाढ दुखायला लागली की तुम्हीच रुग्ण.
- घरच्यांसाठी मुखत्यारपत्र, आणि हो, मृत्युपत्र.

सगळ्याच्या रंगीत प्रती काढून एक संच घरी, एक बरोबर, एक ऑनलाइन ठेवा. पासपोर्ट फोटो वीसेक तरी घ्या. प्रत्येक परवान्याला दोन लागतात आणि तिथे फोटो स्टुडिओ असेलच असं नाही.

काही संस्था एक वेगळा फॉर्म भरून घेतात. ज्यांची उत्तरं फक्त तुम्हालाच ठाऊक आहेत असे काही प्रश्न त्यात लिहून द्यायचे, म्हणजे अपहरण झालंच तर तुम्ही जिवंत आहात याची खातरजमा करता येते. लहानपणीच्या मांजराचं नाव चालेल, पण ते कधी फेसबुकवर टाकलेलं नसावं. हा फॉर्म भरताना हात जरा थांबतो. थांबू द्या. घरच्यांशी जे बोलायचं टाळत होतात ते त्याच संध्याकाळी बोलून टाका.

## ४. अर्ज आणि मुलाखत

अर्ज थेट संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. कुणी नोंदणी शुल्क, व्हिसा शुल्क किंवा अनामत मागितली तर ती फसवणूक समजा. या संस्था नोकरीसाठी पैसे घेत नाहीत. उलट प्रवास, विमा, राहणं त्यांचं असतं आणि वर बेताचा पगारही मिळतो.

मुलाखतीत तुमच्या ज्ञानापेक्षा स्वभावाची परीक्षा जास्त होते. मला विचारलं होतं, 'तुमच्या हाताखालच्या नर्सने सगळ्यांसमोर तुमची चूक दाखवली, तर?' मी काहीतरी गोलमाल उत्तर दिलं. खरं उत्तर काय ते पुढे तिथल्या एका आरोग्यसेवकाने शिकवलं; ते सहाव्या टप्प्यात येईल. 'मला जगाचं दुःख दूर करायचंय' ही भाषा टाळा. आधी कुठल्या अडचणीत, कुणाबरोबर, किती दिवस टिकून काम केलंय ते सांगा. चार माणसांत एकाच बाथरूमवर सहा महिने राहता येईल का, हा प्रश्नही ते घुमवून फिरवून विचारतातच.

## ५. निघण्याआधीचा अभ्यास

चार तत्त्वं पाठ नकोत, कळायला हवीत: मानवता, निःपक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य. मधल्या दोनांत नवखे हमखास घोळ घालतात. निःपक्षपात म्हणजे ज्याची गरज जास्त त्याला आधी उपचार, मग तो कुणीही असो. तटस्थता म्हणजे लढाईत कुणाची बाजू न घेणं. जखमी होऊन शस्त्र खाली पडलेला सैनिक कायद्याने रुग्ण असतो, आणि त्याच्या शेजारच्या खाटेवर त्याच्याच गोळीने जखमी झालेला माणूस असू शकतो. म्हणून दवाखान्याच्या फाटकावर 'शस्त्र आत आणू नये' हा नियम कुणासाठीही सैल होत नाही.

दवाखान्यावरचं संस्थेचं चिन्ह म्हणजे चिलखत, असं मात्र समजू नका. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदूझ इथल्या एमएसएफच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने हल्ला केला आणि ४२ जण मारले गेले. त्या रुग्णालयाचं नेमकं ठिकाण आधीच कळवलेलं होतं. सुरक्षेच्या माहितीसत्राला कंटाळलात तर हे आठवा.

काही आकडे तोंडपाठ हवेत. छावणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. आधीची आकडेवारी हाताशी नसेल तर दहा हजार लोकांमागे रोज एकापेक्षा जास्त मृत्यू म्हणजे आणीबाणी. पाच वर्षांखालच्या मुलांत हाच आकडा दोन. लोक दाटीवाटीने राहायला आले की गोवराची लस अगदी पहिल्या कामांत, सहा महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना. लशींची शीतसाखळी, म्हणजे लस टोचेपर्यंत सतत थंड ठेवणं, २ ते ८ अंश सेल्सिअस.

संस्थेच्या उपचारपद्धती वाचा आणि त्यांच्याशी भांडू नका. तुमच्या रुग्णालयातलं महागडं अँटिबायोटिक तिथे नाही, आणि नाही त्याला कारण आहे. साध्या उपचाराची ताकद १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत दिसली. पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. तोवर जिथे शंभरातले वीस-तीस दगावत होते, तिथे ते प्रमाण चाराच्या आत आलं. पेला नातेवाइकाच्या हातात होता, हे विसरू नका.

बॅगेबद्दल थोडक्यात. छोट्या विमानांत वजनाची मर्यादा कडक असते. हेडलॅम्प, जास्तीचा चष्मा, स्वतःची औषधं पूर्ण मुदतीची, इअरप्लग, अंगभर सैल कपडे. लष्करी रंगाचं किंवा ठिपक्याठिपक्यांचं काही नको, दुर्बीण नको, ड्रोन तर नकोच. पासपोर्ट, थोडी रोकड, पाणी, औषधं आणि चार्जर असलेली एक छोटी पिशवी दाराजवळ कायम भरलेली असू द्या. पळायची वेळ आली तर तेवढंच बरोबर येतं.

## ६. पहिले पंधरा दिवस

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. पाहा, विचारा, लिहून घ्या.

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी मी कुपोषण तपासणीच्या रांगेत बसलो होतो. दंडाचा घेर मोजायची ती रंगीत पट्टी: ११५ मिलिमीटरच्या खाली लाल (तीव्र कुपोषण), ११५ ते १२५ पिवळा (मध्यम), त्यावर हिरवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. एका आईने दीड वर्षाची मुलगी पुढे केली. मी डावा दंड धरला, पट्टी गुंडाळली, ओढली आणि वाचली: ११२. लाल. शेजारचा आरोग्यसेवक काही न बोलता वाकला. त्याने मुलीचा हात कोपरात दुमडून खांदा आणि कोपर यांचा मध्य बोटाने शोधला, मग हात सरळ लोंबू दिला आणि पट्टी पुन्हा लावली. कातडीला टेकेल इतकीच, दबणार नाही अशी. ११७. पिवळा. मी पट्टी आवळली होती. तो हे काम नऊ वर्षं करत होता, आणि मला दुरुस्त करताना त्याने आवाजही चढवला नाही. मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तर ते: 'धन्यवाद' म्हणायचं आणि पुढच्या मुलाला बरोबर मोजायचं.

दुभाष्याशी बोलताना रुग्णाकडे पाहा, दुभाष्याकडे नाही. वाक्यं छोटी ठेवा. दुभाष्या त्याच गावचा, त्याच समाजाचा असतो. काही प्रश्न त्याच्यासमोर बाई बोलणार नाही. अशा वेळी बाई दुभाषी मागा.

रस्त्यावरच्या नाक्यावर: गाडी सावकाश, काच खाली, काळा चष्मा काढलेला, हात दिसतील असे, रात्री असेल तर आतला दिवा लावलेला. फोन बाजूला, फोटो नाही. बोलायचं ड्रायव्हरने किंवा ठरवून दिलेल्या माणसाने. ड्रायव्हर म्हणाला 'आज त्या रस्त्याने नको', तर नको. वाद घालू नका.

## ७. नवख्यांच्या ठरलेल्या चुका

जखम शिवायची घाई. गोळीची किंवा स्फोटाची जखम पहिल्या दिवशी सहसा शिवत नाहीत. मेलेला भाग काढायचा, भरपूर धुवायची, सैल ड्रेसिंग करायचं आणि चार-पाच दिवसांनी थिएटरमध्ये उघडून स्वच्छ असेल तर मग टाके. आमच्याकडे आलेल्या एका नव्या सर्जनने मांडीची जखम सुरेख टाके घालून बंद केली. तिसऱ्या दिवशी वास सगळ्या वॉर्डात पसरला होता आणि पाय काढावा लागला. चेहऱ्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते जुन्या माणसाला विचारून.

ट्रायाज, म्हणजे कुणाला आधी पाहायचं याची रंगांनुसार वर्गवारी, उलटा वाटतो. एकदम चाळीस जखमी आले की सगळ्यात जास्त ओरडणारा बहुधा हिरव्यात, म्हणजे किरकोळ जखमींत, जातो. लाल म्हणजे आत्ता हात लावला तर वाचेल. काळा म्हणजे मेलेला, किंवा आज आपल्याकडे जे आहे त्यात न वाचणारा. काळ्या गटाजवळही वेदनाशामक आणि एक माणूस हवा, आणि दर थोड्या वेळाने सगळ्यांना पुन्हा पाहायचं. पिवळ्याचा, म्हणजे थोडा वेळ थांबू शकणाऱ्याचा, लाल व्हायला वेळ लागत नाही.

बरोबर औषधं नेऊ नका. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात सुमारे ४००० टन औषधं येऊन पडली. बरीचशी बिनकामाची होती, पुष्कळांवरचं लेबल तिथल्या कुणाला वाचता येत नव्हतं, आणि नंतर ती नष्ट करायचाही खर्च आलाच.

मृतदेहांमुळे साथ पसरते म्हणून घाईने सामुदायिक दफन करायला कुणी सांगेल. नैसर्गिक आपत्तीत जखमांनी गेलेल्यांच्या देहांमुळे साथी येत नाहीत. पटकी किंवा इबोलाने गेलेल्यांची गोष्ट वेगळी, तिथे खबरदारी हवीच. घाईत पुरलेल्या माणसाची ओळख मात्र कायमची जाते, आणि घरचे वर्षानुवर्षं शोधत राहतात.

सुई टोचली तर लाजून गप्प बसू नका. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात.

रुग्णाचा फोटो स्वतःच्या पानावर टाकू नका. मुलाचा तर नाहीच.

## ८. सुट्टी घ्या

ठरलेली सुट्टी घेतली नाही की माणूस चिडका होतो आणि त्याचा त्रास नर्सना होतो. इतकंच.

## ९. निघताना आणि परतल्यावर

पहिल्या आठवड्यापासूनच हस्तांतराची फाइल, म्हणजे तुमच्या जागी येणाऱ्यासाठीच्या नोंदी, लिहायला घ्या. चालू उपचारांवरचे रुग्ण, पुढची तपासणी कधी, कुठलं औषध किती दिवस पुरेल, मागणी कधी पाठवली, जनरेटर कुणाला समजतो, कुठल्या अधिकाऱ्याला कधी भेटायचं, काय करून पाहिलं आणि का फसलं. जुन्या जाणत्या स्थानिक सहकाऱ्याला ती वाचायला द्या; निम्म्या चुका तो काढतो.

परतल्यावर संस्थेबरोबरची चर्चा आणि वैद्यकीय तपासणी चुकवू नका. मलेरियाच्या भागातून आल्यावर पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की मी तिथे होतो. झोप उडणं, फटाक्याने दचकणं, घरच्यांच्या साध्या तक्रारी क्षुल्लक वाटणं हे पहिले काही आठवडे होतं. महिनाभरानंतरही तसंच राहिलं तर समुपदेशकाकडे जा. बऱ्याच संस्था ही सोय करून देतात, फक्त मागावी लागते.

आणि निघायच्या सकाळी खिसे तपासा. घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या जागी आलेल्या डॉक्टरचा मेसेज आला: 'लशींच्या फ्रिजची दुसरी किल्ली कुठे ठेवलीय?' ती माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात होती.